रक्त वाढलंय

आमच्या घरात घाबरण्याचं खातं माझ्याकडे आहे. कुलूप नीट लागलं का हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत येते. नवऱ्याला कारखान्यातून यायला उशीर झाला की सिन्नर ते नाशिक रस्त्यावरचे सगळे ट्रक माझ्या डोळ्यांपुढून जातात. शाळेत माझ्या वर्गातलं पोर शिंकलं तरी मी त्याच्या कपाळाला हात लावून बघते. नवरा अगदी उलटा. हेल्मेट घालायचं ते पोलिसासाठी आणि डॉक्टरकडे जायचं ते बायको डोकं खाते म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस कशाला घाबरलाय असं मी पाहिलं नव्हतं. "माझ्या वाट्याचंही तूच घाबरून घे, तुला सवय आहे," असं म्हणून तो हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा आणि आधारही वाटायचा.

पावसाळा सरत आला होता. आम्ही पाथर्डी फाट्याकडे राहतो. शेजारच्या प्लॉटवर इमारतीचं काम अर्धवट थांबलेलं होतं आणि तिथल्या खड्ड्यात, टाकीत पाणी साचलेलं होतं. महापालिकेची धुराची गाडी एकदा येऊन गेली, डास घरात आले, गाडी गेल्यावर परत बाहेर गेले. कॉलनीत घरटी एकाला ताप होता, आणि एका संध्याकाळी नवरा कामावरून आला तो चहा न पिता पांघरूण घेऊन झोपला. चहा न पिता तो झोपला तेव्हाच मी थर्मामीटर शोधायला लागले.

डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाला, पाठ मोडून आल्यासारखी झालीय म्हणाला. "व्हायरल आहे, उतरेल" हे मात्र दर तासाला. शेवटी मी भांडून त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांचा दवाखाना कॉलनीच्या तोंडाशीच आहे. माझ्याच वयाच्या आहेत, कमी बोलतात. त्यांनी रक्त तपासलं आणि डेंग्यू निघाला.

मी तिथेच खुर्चीवर बसले. त्यांनी मला समजावलं की घाईने ॲडमिट व्हायची गरज नाही, बहुतेक लोक घरीच बरे होतात. भरपूर पाणी, सरबत, पेज पाजायची. पॅरासिटामॉलशिवाय दुसरी कुठलीही गोळी द्यायची नाही. रोज रक्त तपासायचं. आणि आम्ही दारातून निघताना म्हणाल्या, "ताप उतरला की मला फोन करा."

आपण पाहुण्यांना नाही का म्हणत, पोचलात की फोन करा, तसंच मला ते वाटलं. किती प्रेमळ आहेत, असं मी रिक्षात नवऱ्याला म्हणालेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सटाण्याहून सासूबाई आल्या. एसटीतून, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पपईची पानं घेऊन. पपईच्या पानांचा रस पाजला की पेशी वाढतात हे त्यांना गावातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या की याची खात्री देता येत नाही, आणि उलटी होत असेल तर मुळीच देऊ नका. सासूबाईंनी त्यातला शेवटचा भाग तेवढा मान्य केला. रस कडू जहर होता. कशालाच न भिणारा माझा नवरा त्या वाटीला मात्र भ्यायला. आईचं पाऊल वाजलं की डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा. त्याला सोंग घेता येतंय याचंच मला तेव्हा बरं वाटत होतं.

पेशी हा शब्द तोवर मी विज्ञानाच्या पुस्तकातून शिकवत आले होते. आता तो स्वयंपाकघरात आला. कुणी प्लेटलेट म्हणायचं, कुणी नुसत्या पेशी, तर कॉलनीतल्या अर्ध्या लोकांच्या मते त्या पांढऱ्या पेशी होत्या. ते चूक आहे हे मला माहीत होतं, पण दुरुस्त करायचं त्राण नव्हतं. मोठे दीर सटाण्याला कांद्याच्या व्यापारात आहेत. मार्केटमधून त्यांचा रोज फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, आज काय निघाल्या? कांद्याचा भाव विचारावा त्या सुरात. मी आकडा सांगायचे, ते मागे वळून कुणाला तरी सांगायचे, आणि तिकडे लिलावाच्या गलक्यात "अजून उतरल्या" असं पुढे जाताना मला ऐकू यायचं. मी फोन ठेवून ओट्याला धरून उभी राहायचे. लाखाच्या खाली आल्या तेव्हा शेजारीण किवी घेऊन आली आणि तिच्या भाच्याच्या किती खाली गेल्या होत्या ते सांगत बसली. तिला दारापर्यंत पोचवताना मी हसले, आणि दार लावून न्हाणीघरात जाऊन रडले.

रोज संध्याकाळी मोबाईलवर लॅबचा रिपोर्ट यायचा. आम्ही तो उघडून सरळ खाली बोट न्यायचो, प्लेटलेटच्या ओळीवर. वरच्या ओळी कुणी वाचत नव्हतं. निकाल लागल्यावर पोरं फक्त आपला नंबर शोधतात तसं चाललं होतं.

मग एका सकाळी मी त्याच्या कपाळाला हात लावला तर कपाळ गार होतं. गंजीफ्रॉक घामाने भिजला होता. मी थर्मामीटर लावला, झटकला, परत लावला. ताप नव्हता. सासूबाईंना हाक मारली तर त्या देवापुढून उठून आल्या, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. त्यांच्याकडे तापातून उठलेल्या माणसाला कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घालतात. त्या पाला आणायला खाली गेल्यासुद्धा. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली आणि मी उभ्या उभ्या शिळी पोळी गूळ लावून खाल्ली.

लॅबचा मुलगा सकाळीच रक्त नेऊन गेला होता, त्यामुळे रिपोर्टही लवकर आला. पेशी आणखी उतरल्या होत्या, साठ हजारांच्या आसपास. पण त्या दिवशी मन हलकं होतं म्हणून असेल, मी रिपोर्ट वरपासून वाचला. हिमोग्लोबिन पहिल्या दिवशी चौदा होतं. आता साडेसतरा.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं रक्त जन्मापासून कमी. शाळेत असताना आई बीट किसून द्यायची, मी ते मांजरीला द्यायचे, मांजरही खायची नाही. लग्न ठरताना मावशीने सासूबाईंना आधीच सांगून टाकलं होतं की मुलगी गुणी आहे, फक्त रक्त कमी आहे. बाळंतपणात लोहाच्या गोळ्या, थंडीत सासूबाईंचे अळिवाचे लाडू, पर्समध्ये खजूर. रक्त वाढलं का, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच आलं. आमच्यात बायकांना रक्त वाढलंय सांगणं म्हणजे पहिला नंबर आलाय सांगणं. तर नवऱ्याचं रक्त आजारपणात, नुसत्या पेजेवर वाढलं होतं. मला वाटलं सासूबाईंच्या रसाने पेशी नाही तर नाही, रक्त तरी वाढवलं.

मी ते त्यांना सांगितलं. हातात कडुलिंबाच्या डहाळ्या, तशाच त्या उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उजळला. "ताप उतरना, रगत वाढनं," त्या म्हणाल्या. "आते आखो काय पाहिजे, माय?"

आणखी खरंच काही नको होतं. बादलीत पाणी काढून झालं. नवरा पलंगाच्या कडेला बसला होता, भिंतीला टेकून. मी त्याला म्हटलं, तुझं रक्त माझ्यापेक्षा दीडपट झालंय, आता थोडं मला दे. एरवी त्याने याला काहीतरी उत्तर दिलं असतं. तो नुसता बघत राहिला. थकवा असेल, मी मनात म्हटलं. त्याला उठवायला हात धरला तर हात गार लागला. नुकताच घाम येऊन गेलाय, गारच लागणार. त्या सकाळी प्रत्येक गोष्टीचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, मी, जी कुलूप बघायला परत येते.

मग डॉक्टरबाईंचं सांगणं आठवलं आणि आधी फोन केला. आनंदाची बातमी म्हणूनच केला. म्हटलं, "मॅडम, ताप उतरला. आणि पेशी कमी आहेत, पण रक्त छान वाढलंय."

त्या म्हणाल्या, "किती?"

मी आकडा सांगितला. त्यांनी लगेच एकामागून एक विचारायला सुरुवात केली. पोटात दुखतंय का, उलटी झाली का, लघवीला शेवटचं कधी गेले, हातपाय गार आहेत का. मी प्रत्येक प्रश्न नवऱ्याला विचारत होते आणि त्याचं उत्तर फोनमध्ये सांगत होते. पोट जड वाटतंय, रात्रीपासून. सांगितलं नाहीस ते? तू घाबरली असतीस. लघवीला काल कधीतरी. हातपाय गार. हे शेवटचं विचारावं लागलं नाही, त्याचा हात अजून माझ्या हातात होता.

"ताई, ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांचं रक्त वाढलेलं नाही. आटलंय. रक्तातलं पाणी नसांमधून बाहेर झिरपतंय. अंघोळ वगैरे काही नको. आहेत त्या कपड्यांत त्यांना घेऊन निघा, मी हॉस्पिटलला फोन करून ठेवते."

आटलंय. मी रोज आमटी आटवते, दूध आटवते. आटल्यावर भांड्यात जे उरतं ते दाट होतं, पण ते वाढलं असं कधी कुणी म्हणत नाही. एवढी साधी गोष्ट होती. सासूबाई विचारत होत्या काय झालं, आणि मला त्यांना ते सांगता येईना, कारण त्यांच्या अंगावर अजून तो आनंद तसाच होता. शेजाऱ्याने गाडी काढली. कडुलिंबाचं पाणी बादलीत राहिलं.

हॉस्पिटलमध्ये त्याला थेट आयसीयूत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याचं नख दाबून रंग किती वेळात परत येतो ते पाहिलं, दंडाला पट्टा बांधला, आकडे बघितले, आणि सलाईन लावायला सांगितलं. मला त्यांनी दाखवलं की रक्तदाबाचे वरचा आणि खालचा हे दोन आकडे एकमेकांच्या जवळ येतायत, ते लांब राहायला हवेत. सलाईन कमी पडलं तरी धोका आणि जास्त गेलं तर ते फुप्फुसात साठायचं, म्हणून थेंब मोजून द्यायचं आणि सारखं रक्त तपासायचं. पुढचा दिवस कसोटीचा आहे म्हणाले. मी काचेतून ते दोन आकडे बघत बसले. पंच्याण्णव आणि ऐंशी. त्यांच्यामधल्या त्या एवढ्याशा फटीत माझा नवरा होता. मी आजवर ज्या ज्या गोष्टींना घाबरले त्या सगळ्या मला बाहेरच्या वाटायच्या, ट्रक, गॅस, चोर. हे आतच चाललं होतं, आवाज न करता, आणि त्याच्याकडे बघून काही कळत नव्हतं.

दुपारी मोठे दीर आले. कांद्याच्या पिकअपमधून, सोबत गावातले पाच-सहा जण. सगळ्यांनी शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, पेशी द्यायला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की आत्ता प्लेटलेट चढवायच्या नाहीत. कुठून रक्तस्राव होत नाहीये, आणि नुसता आकडा वाढवायला चढवल्या तर त्या टिकणारही नाहीत. दीर ऐकून घेईनात. एवढ्या लांबून आलोय, माणसं तयार आहेत, घ्या ना. त्यांना ते नाकारल्यासारखं वाटलं. मग ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "पण आज निघाल्या किती?"

मी कधी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. "दादा, तो भाव विचारू नका आता," मी म्हणाले. "काय विचारायचं ते आपल्यापैकी कुणाला माहीत नव्हतं." ते माझ्या शेजारी बाकावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी माणसांना चहाला पाठवलं आणि आपल्या बाह्या खाली केल्या.

त्या डॉक्टरांना मी एकदाच गाठून विचारलं की मग या प्लेटलेट करतात तरी काय. वयाने लहान होते, घाईत होते, तरी भिंतीला टेकून त्यांनी सांगितलं. रक्त गोठवणं हे त्यांचं ओळखीचं काम. पण अंगात विषाणू शिरला की त्याही त्याच्यावर धावून जातात. तो त्यांना चिकटतो, त्या खवळतात, आपल्या पोटातली रसायनं रक्तात सोडतात. काही लढता लढता संपतात, काही शरीर स्वतःच मारून टाकतं, आणि हाडांत नव्या बनायचंही मंदावतं, म्हणून आकडा पडतो. आणि त्यांनी सोडलेल्या त्या रसायनांचाही नसांच्या भिंती सैल करण्यात हात असतो. सगळाच नाही, पण असतो.

मी विचारलं, म्हणजे आपल्याच? ते म्हणाले, आपल्याच. हे ऐकून मला जास्त भीती वाटली. इतके दिवस मी त्या पेशींसाठी देवाला हात जोडत होते, एकेक हजारासाठी. त्या त्याला वाचवायला धावत होत्या आणि धावताना भिंतीही पाडत होत्या. रागवायचं तर कुणावर, ते मला कळेना. सासूबाई बाकावर माळ ओढत होत्या. त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

संध्याकाळच्या सुमाराला आतून सिस्टर आली आणि म्हणाली, पेशंटला लघवी झाली, चांगली झाली. असली बातमी ऐकून मी तिचे दोन्ही हात धरले. नंतरच्या रक्तात हिमोग्लोबिन सोळाच्या खाली आलं होतं. त्यानंतरच्या तपासणीत पंधराच्याही. वरचा आकडा आणि खालचा आकडा हळूहळू लांब सरकले. पेशी मात्र अजून उतरतच होत्या, दुसऱ्या दिवशी तर चाळीसच्याही खाली गेल्या, आणि डॉक्टर त्याकडे बघून म्हणाले, त्या येतील मागाहून. तशा आल्याही.

हिमोग्लोबिन परत चौदावर आलं तेव्हा मी सासूबाईंना समजावून सांगितलं, या वेळी आमटीचंच उदाहरण देऊन. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, माळ कपाळाला लावली, आणि सटाण्याला फोन लावून मोठ्या जावेला सांगितलं, "रगत कमी व्हयनं. आते चांगलं शे." तिकडे जाऊबाई रडायलाच लागल्या असाव्यात, कारण सासूबाई चिडून परत परत तेच सांगत राहिल्या, कमी झालं, कमी झालं, चांगलं आहे. मला हसू आलं आणि ते थांबेना. काचेपलीकडे नवरा माझ्याकडे बघत होता. तो हसला नाही. त्याने हाताने खूण करून मला आत बोलवलं, आणि मी जवळ गेले तेव्हा माझा पदर धरून ठेवला, व्हिजिटिंगची वेळ संपली असं सिस्टरने सांगेपर्यंत.

घरी आल्यावर बरेच दिवस मी झोपेतून उठून त्याचे हात चाचपून बघायचे. त्याला ते माहीत होतं, पण त्याने त्यावरून मला एकदाही चिडवलं नाही.

थंडीत आमच्या शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी झाली. रक्त काढणारी मुलगी दुसऱ्या दिवशी रिपोर्ट वाटताना माझ्यापाशी थांबून कौतुकाने म्हणाली, "मॅडम, तुमचं रक्त वाढलंय या वेळी." बारा झालं होतं. जे वाक्य ऐकायला मी सबंध आयुष्य खजूर आणि अळीव खाल्ले, ते ऐकलं आणि माझ्या तळव्यांना घाम फुटला. मग स्वतःलाच समजावलं, बाई, तुझं खरंच वाढलंय.

घरी आले तर नवरा जमिनीवर बसून मटार सोलत होता. त्याला गंमत म्हणूनच सांगितलं. "आज रिपोर्ट आला. माझं रक्त वाढलंय."

त्याचे हात थांबले. "किती?" त्याने विचारलं.

मी आकडा सांगितला, हे माझ्यासाठी चांगलंच आहे हेही सांगितलं. त्याने परात बाजूला सारली, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, एका बोटाचं नख दाबलं आणि सोडलं, आयसीयूत त्याचं दाबून बघायचे तसं. नखाखाली रंग परत येईपर्यंत तो बघत राहिला.

"गरम आहेत," तो म्हणाला. मग हात न सोडता म्हणाला, "पोट दुखत नाही ना तुझं?"